घराबाहेरची पहिली पंगत

‘आज बाहेरच जेवूं’ या तीन शब्दांनीं हल्लीं कुटुंबांतल्या कोणाचेंहि मन अस्वस्थ होत नाहीं. फार तर कोठें जावयाचें, किती वेळ ताटकळावें लागेल आणि आजोबांच्या दातांना काय सोसेल, एवढ्यावरच वाद होतो. परंतु शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं याच शब्दांनीं घराण्याची अब्रू पणास लागत असे. तेव्हां बाहेर जेवण्याचा प्रश्न रुचीचा नव्हता, पैशाचाहि नव्हता. कोणाच्या हातचें आणि कोणाच्या शेजारीं बसून, असा तो प्रश्न होता. तो मिटला कसा, आणि मिटतां मिटतां त्यानें आपल्या घरांत काय बदललें, हें पाहण्यासारखें आहे. उपाहारगृहाचें आपल्यावर मोठें ऋण आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मतें तें पदार्थांपेक्षां पंगतीचें अधिक आहे.

त्या काळची वृत्ति समजण्यास एकच प्रसंग पुरे आहे. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढें चहा-बिस्किटें आलीं. मंडळींत न्यायमूर्ति रानडे होते, टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी घेतला नाहीं. पण नांवें छापून आलीं, पुण्यांत ग्रामण्य माजलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें आणि अखेर प्रायश्चित्तावर येऊन थांबलें. ज्यांच्या शब्दाला साऱ्या प्रांतांत मान, त्यांना घोटभर चहाचा जाब द्यावा लागला. मग सामान्य कारकुनानें परगांवीं जातांना काय करावें?

सामान्य माणसानें शिदोरी बांधली. दशमीचें पीठ पाण्याऐवजीं दुधांत भिजवीत, तें केवळ ती मऊ रहावी म्हणून नव्हे. दुधांत भिजविलेल्या दशमीला सोंवळ्या-ओंवळ्याचा जाच कमी, म्हणून ती प्रवासांत चाले. १८५३ च्या एप्रिलांत बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी धांवली, तेव्हांपासून शेजारीं कोण बसणार हें ठरविणें प्रवाशाच्या हातीं राहिलें नाहीं. हातीं राहिलें तें एवढेंच, कीं काय खावें आणि कोणाचें पाणी प्यावें. स्टेशनांवर ‘हिंदु पाणी’ व ‘मुसलमान पाणी’ अशी निराळी सोय असे. उपाहाराच्या खोल्याहि निराळ्या असत. गाडी एक झाली, तरी घागरी दोनच राहिल्या.

हा बांध एकदम फुटला नाहीं. झिरपत झिरपत तो ढासळला. मुंबईस नोकरीसाठीं आलेला एकटा तरुण गिरगांवांतल्या खाणावळींत जेवूं लागला. खाणावळ ‘ब्राह्मणी’ आहे, एवढ्यावर गांवाकडच्या वडीलधाऱ्यांचें समाधान होई. पुढची पायरी उडप्यांच्या उपाहारगृहांनीं बांधली. चुलीपाशीं बहुधा शिवळ्ळी ब्राह्मण, अन्न शाकाहारी, भांडीं लख्ख. तेव्हां इडली परप्रांताची असली, तरी ती खाण्यास मनाची हरकत उरली नाहीं. माटुंग्याचें रामा नायक यांचें ‘उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ १९४२ मधलें. केळीच्या पानावरची तेथील पंगत मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांस परिचित आहे. इराण्याची तऱ्हा याहून निराळी. धोबीतलावाजवळचें ‘कयानी’ १९०४ मधलें. इराण्याकडे मस्का-पाव मागतांना कोणी जात विचारीत नसे; संगमरवरी मेजावर आधीं कोण बसून गेला, याची चौकशी करण्यास गिऱ्हाइकालाहि सवड नसे. उडप्यानें जुन्या मनाची समजूत घातली. इराण्यानें त्याला जुन्या प्रश्नाचा विसर पाडला.

परंतु ही हकीकत झाली ज्यांना दारांतून आंत तरी जातां येत होतें त्यांची. ज्यांना दारच बंद होतें, त्यांच्यासाठीं कोणा थोरानें मुद्दाम पाऊल उचलावें लागलें. कोल्हापुरांत छत्रपति शाहू महाराजांनीं अस्पृश्य गणल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांस चहाचें हॉटेल काढण्यास साह्य केलें, आणि स्वतः तेथें थांबून ते चहा घेत. महाराज १९२२ मध्यें निवर्तले. त्यांनीं त्या एका पेल्यानें जें सांगितलें, तें कायद्याच्या भाषेंत उतरण्यास १९५० साल उजाडावें लागलें. आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें, हॉटेलें यांत धर्म, वंश, जाति, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणासहि मज्जाव करतां येणार नाहीं, असें स्पष्ट म्हटलें आहे. एवढ्या मोठ्या ग्रंथांत उपाहारगृहाचा नामनिर्देश करणें घटनाकारांना अगत्याचें वाटलें, यावरूनच त्या दाराचें महत्त्व ध्यानांत यावें.

आतां आपल्या घराकडे वळूं. एकत्र कुटुंबांतली पंगत आपणां सर्वांस ठाऊक आहे. पहिल्या पानांवर पुरुष, मुलें आणि पाहुणे. शेवटच्या पानांवर वाढून वाढून दमलेल्या सासवा-सुना. तोंपर्यंत आमटी तळाला गेलेली आणि भात निवालेला. हें कोणी दुष्टपणानें करीत नसे. वाढणारा हात हवा होता, आणि तो कोणाचा हें आधींच ठरून गेलें होतें. हा क्रम मोडला तो उपाहारगृहाच्या मेजानें. तेथें वाढणारा निराळा असतो, म्हणून घरचीं सारीं माणसें एकाच वेळीं बसतात. थोरल्या सूनबाईंच्या पानांत पुरी टम्म फुगलेली असतांनाच पडते. आरंभीं याचाहि संकोच होताच. पुष्कळ हॉटेलांतून ‘फॅमिली रूम’ म्हणून पडद्याआडची खोली राखलेली असे. पुढें पडदे गेले, आणि घरची बाई सर्वांच्या देखत पहिल्या पंगतीस बसली. सुधारकांनीं व्याख्यानें देऊन जें साधलें नसतें, तें चार खुर्च्यांच्या एका मेजानें साधलें.

मात्र खुर्ची मिळाली म्हणजे सारें मिळालें असें नाहीं. ‘तुम्हांला काय हवें?’ असें विचारतांच पुष्कळ गृहिणी म्हणतात, ‘तुम्ही घ्याल तेंच.’ वर्षानुवर्षें दुसऱ्यांच्या आवडी सांभाळतां सांभाळतां स्वतःची आवड सांगण्याची संवयच सुटलेली असते. अशा वेळीं मेजावरील जाणत्या माणसानें घाई करूं नये. पदार्थांची यादी प्रथम तिच्या हातीं द्यावी आणि उत्तराची वाट पहावी. तसेंच घरांतल्या आजींना कांदा-लसूण वर्ज्य असल्यास त्यांची थट्टा न करतां, त्यांना चालेल असें ठिकाण निवडावें. सर्वांना एकत्र बसवावयाचें, तर कोणी उपाशी किंवा ओशाळवाणें बसून कसें चालेल?

जवळच्या हॉटेलाची ही कथा. प्रवासांत तर ही गोष्ट अधिकच जाणवते. सर्वांच्या सहलीचा आरंभ कोणा एकीच्या पहाटे चार वाजतांच्या पोळ्यांनीं व्हावा, हें न्याय्य नव्हे. बोरघाटाची चढण सदतीस फुटांस एक फूट इतकी खडी आहे. ती चढण्यास मागून जादा एंजिनें जोडावीं लागत, म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या कर्जतास थांबत आल्या. त्या थांब्यानेंच कर्जतचा बटाटेवडा प्रसिद्धीस आणला. १९३० च्या जूनमध्यें सुरू झालेल्या ‘दख्खनच्या राणी’नें तर भोजनाचा डबाच बरोबर घेतला; २०२२ मध्यें गाडीचे डबे नवे आले, तरी तो डबा राखला गेला. अशा सोयी हाताशीं असतां प्रत्येक वेळीं डब्यांची उतरंड वाहून नेण्याचें कारण नाहीं.

अर्थात् प्रवासांत पोट सांभाळावें हें खरेंच. त्यास कांहीं साधे नियम पुरतात. जेथें गर्दी आहे आणि कढई सतत चालू आहे, तेथें अन्न शिळें राहण्यास वेळ मिळत नाहीं. गरम पदार्थ डोळ्यांदेखत ताटांत यावा. कापून ठेवलेलीं फळें, उघड्या चटण्या आणि कसल्या पाण्याचा आहे हें न कळणारा बर्फ टाळावा. अन्नपरवान्याचा चौदा अंकी क्रमांक दुकानांत लावलेला असावा असा नियम आहे, आणि १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावरहि छापावा लागतो. तो पाहण्याची संवय मुलांना लावावी. आणि ज्या गांवीं जावें तेथील अन्न निदान एकदां तरी चाखावें. मालवणांत पंजाबी भाजी आणि नागपुरांत डोसा मागत फिरणारा प्रवासी गांव पाहून येतो, पण गांवाला भेटत नाहीं.

येथवर आपण आपल्या बाजूचा विचार केला. परंतु आपली सून जर वाढण्यांतून सुटली, तर वाढतें कोण? मुंबईंतील कित्येक हॉटेलांत दक्षिण कर्नाटकांतून आलेले पोरगेले दिवसभर कपबशा उचलीत आणि रात्रीं कानडी रात्रशाळेंत शिकत. गिरणगांवांतल्या हजारों कामगारांचे डबे ज्या खाणावळवाल्या बायका आपल्या एका खोलींत रांधीत, त्यांच्या कष्टाला मान मिळावा म्हणून प्रेमा पुरव यांनीं १९७५ मध्यें अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिलें. चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेलांत व ढाब्यांवर कामास ठेवण्यास बंदी झाली ती १० ऑक्टोबर २००६ पासून. म्हणजे आपल्या पहिल्या पंगतीमागें कोणाची तरी शेवटची पंगत फार दिवस उभी होती, आणि ती अजून पुरती बसलेली नाहीं. म्हणून वाढप्यास ‘ए पोऱ्या’ म्हणून हांक मारूं नये. मुलें हें ऐकतात आणि शिकतात. जें संपणार नाहीं तें मागवूं नये. उरलेलें बांधून मागण्यांत कमीपणा मानूं नये. सेवाशुल्क बिलांत परस्पर लावूं नये, अशा मार्गदर्शक सूचना ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें जुलै २०२२ मध्यें दिल्या, आणि दिल्ली उच्च न्यायालयानें मार्च २०२५ मध्यें त्या उचलून धरल्या. तेव्हां मनापासून द्यावयाचें तें ज्यानें वाढलें त्याच्या हातींच द्यावें.

अलीकडे अन्न घरपोंच येऊं लागल्यापासून बाहेर जाण्याचेहि श्रम वांचले, असें म्हणतात. रांधण्याचे श्रम वांचतात हें खरें. पण पाहिलेंत तर डबे उघडतें कोण, वाट्यांत काढतें कोण, आणि मागाहून मेज पुसतें कोण? बहुतेक घरीं तीच. अन्न बाहेरचें आलें, पण पंगत मात्र जुनीच राहिली. यावरून दिसेल कीं उपाहारगृहांत जी गोष्ट आपणांस सुखवीत होती, ती स्वयंपाकांत नव्हती. सर्वांनीं एकदम बसण्यांत होती.

आणि ती घरीं आणण्यास पैसे पडत नाहींत. भांडीं मध्यें ठेवावीं, ज्यानें त्यानें वाढून घ्यावें, पोळ्या आधींच करून झांकून ठेवाव्यात. फुलक्यांचा हट्ट असेल तर तव्यापाशीं पाळीपाळीनें उभें रहावें, मग तो मुलगा असो कीं सासरे. पंचहौदच्या एका चहानें ज्या समाजाचीं घरें ढवळलीं, त्याच समाजानें अनोळखी माणसाच्या शेजारीं बसून जेवण्याचें शिक्षण पुरें केलें. आतां आपल्याच माणसाच्या शेजारीं, आपल्याच घरांत, एकाच वेळीं बसणें तेवढें बाकी आहे.