व्हॉल्व्हचा पहिला ॲम्प्लिफायर वाजत नाही तेव्हा

व्हॉल्व्हचा हेडफोन ॲम्प्लिफायर घरी जोडला, बटण दाबले आणि काहीच वाजले नाही, किंवा नुसती घुरघुर आली, असे पहिल्या खेपेला पुष्कळांचे होते. मग व्हॉल्व्हच खराब असणार असे धरून नवा मागवला जातो. जुना बहुधा ठणठणीत असतो. चूक तारांत असते आणि एका साध्या मल्टिमीटरने सापडते.

इथे उदाहरणासाठी नवशिक्यांच्या आवडीची जोडी घेऊ: पुढे १२एयू७ (युरोपीय नाव ईसीसी८२) आणि मागे ६०८०. बॉटलहेड या अमेरिकन कंपनीच्या ‘क्रॅक’ या किटमध्ये हीच जोडी आहे. यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसतो, म्हणून ३०० ओहमच्या आसपासच्या हेडफोनवर तो चांगला वाजतो.

पण आधी जिवाची गोष्ट. ट्रान्झिस्टरच्या खेळण्यात १२ व्होल्ट असतात. इथे डीसी १७० व्होल्टच्या घरात असते, आणि बटण बंद केल्यावरही ते कपॅसिटरमध्ये साठून राहते. समजा कपॅसिटर एकूण २२० मायक्रोफॅराडचे आणि त्यांवरचा ब्लीडर २७० किलोओहमचा आहे. व्हॉल्व्ह वीज ओढत नसेल, आणि बिघाडात तो बरेचदा ओढत नाही, तर १७० चे १० व्होल्टच्या खाली यायला सुमारे तीन मिनिटे लागतात. ब्लीडरच नीट सोल्डर झाला नसेल तर तासभरानेही झटका बसेल. म्हणून प्लग काढा, थांबा, मीटरने मोजा आणि मगच हात घाला. चालू स्थितीत मोजताना मीटरची काळी तार क्लिपने ग्राउंडला अडकवावी, लाल टोक एका हाताने धरावे, दुसरा हात खिशात.

घरी आरसीसीबी आहे म्हणून निर्धास्त राहणेही चुकीचे. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूला बसणारा झटका त्याला कळत नाही, कारण तो प्रवाह मेनच्या तारांतून जातच नाही. डबा धातूचा असेल तर तो तीन पिनांच्या प्लगमधून अर्थ झालाच पाहिजे, आणि जुन्या घरांत तिसऱ्या पिनला खरोखर अर्थिंग आहे की ती नुसती शोभेला आहे, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा पाहून घ्या. अकरावी-बारावीतल्या मुलांनी हे काम घरात मोठे कोणी जवळ असतानाच करावे.

पहिल्यांदा वीज देताना व्हॉल्व्ह बसवू नका. इलेक्ट्रिशियनकडे असतो तसा सिरीज बल्ब लावा: साधा तारेचा ६० किंवा १०० वॉटचा, एलईडी नव्हे. बल्ब क्षणभर चमकून जवळजवळ विझला तर ठीक. तो लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. बहुधा एखादा कपॅसिटर किंवा डायोड उलटा बसला आहे. व्हॉल्व्ह बसवल्यावर बल्ब थोडा पेटलेला राहतो, ते स्वाभाविक आहे. मात्र त्या वेळी मोजलेले आकडे खरे धरू नयेत. आणखी एक, व्हॉल्व्ह नसताना डीसी कागदावरच्या आकड्यापेक्षा बरेच जास्त दिसते. कपॅसिटर तेवढे सोसणारे असावेत.

आता सर्वांत जास्त नडणारी चूक: पिना मोजण्याची दिशा. सॉकेट खालून, म्हणजे जिथे आपण सोल्डर करतो त्या बाजूने पाहिले की पिना घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजायच्या. वरून पाहून तसेच मोजले की सगळे आरशासारखे उलटते. १२एयू७ मध्ये १ च्या जागी ९ येते, ४ च्या जागी ६. त्याचे फिलॅमेंट ४, ५ आणि ९ वर असते, म्हणून व्हॉल्व्ह पेटतच नाही. शिवाय प्लेटचे डीसी थेट फिलॅमेंटवर येते. ६०८० मध्ये फिलॅमेंट ७ आणि ८ वर, प्लेट २ आणि ५ वर असतात. उलट मोजल्यास तिथेही हाच गोंधळ. व्हॉल्व्ह पेटला पण मंद, तर वेगळी शंका घ्या. ६.३ व्होल्टवर चालवायचे तर १२एयू७ चे ४ आणि ५ एकत्र जोडून एक तार तिथे आणि दुसरी ९ वर हवी. ४ आणि ५ या दोनच पिनांना ६.३ दिले तर त्याला हव्या त्या व्होल्टेजच्या निम्मेच मिळते.

रेझिस्टर लावण्याआधी प्रत्येक मोजावा, रंगांवर विश्वास ठेवू नये. लाल, लाल, काळा, लाल, तपकिरी म्हणजे २२ किलोओहम, एक टक्का. तोच उलट्या टोकाकडून वाचला की १२ किलोओहम, दोन टक्के होतो, आणि दोन्ही किमती बाजारात मिळतात! निळ्या अंगावर हे रंग रात्रीच्या उजेडात ओळखणे कठीणच.

आता चालू स्थितीतले मोजमाप. आकडे आपल्या आराखड्याच्या कागदावरचे धरावेत. इथे रीत समजून घेण्यापुरते. समजा डीसी १७० आहे, १२एयू७ च्या प्लेटला २२ किलोओहममधून ते मिळते आणि प्लेटवर ७५ व्होल्ट यायला हवे. म्हणजे रेझिस्टरवर ९५ व्होल्ट पडतात आणि प्रवाह सुमारे ४.३ मिलिॲम्पियर. ही प्लेट थेट ६०८० च्या ग्रिडला जोडलेली असते, आणि ६०८० चा कॅथोड ग्रिडच्या थोडा वर, १०० च्या आसपास, बसतो.

म्हणूनच ६०८० च्या कॅथोडवर चुकीचा आकडा दिसला की चूक तिथेच शोधत बसू नये, एक पाऊल मागे जावे. १२एयू७ ची प्लेट १७० कडे गेली असेल तर तो व्हॉल्व्ह वाहत नाही: फिलॅमेंट पेटलेले नाही, कॅथोडची तार सुटली आहे किंवा कॅथोडखालचा एलईडी उलटा लागला आहे. उलट्या एलईडीचे लक्षण सोपे, तो पेटत नाही. प्लेट शून्याजवळ असेल तर २२ किलोओहमचा रेझिस्टर तुटलेला, किंवा त्याचे एक टोक टर्मिनलला नुसते गुंडाळलेले आणि सोल्डर करायचे राहिलेले. एका टर्मिनलवर तीन-चार तारा येतात तिथे हे फार घडते: वरच्या दोन तारांना डाख पोचतो, खालची कोरडी राहते. लाकडी काडीने एकेक तार हळूच हलवून पाहावी. एक बाजू बरोबर आणि दुसरी बिघडलेली असेल तर तुमचे निम्मे काम झालेच. दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी लिहा.

आकडे बरोबर पण आवाज विचित्र, ही दुसरी जात. गायकाचा आवाज गायब, मागचे वाद्य आणि टाळ्या तेवढ्या पोकळ ऐकू येतात, तेव्हा हेडफोन जॅकची ग्राउंड तार सुटलेली असते. मग कानात डाव्या-उजव्यातला फरकच उरतो. बालगंधर्वांची जुनी तबकडी मोनो असल्याने तशा जोडणीवर जवळजवळ ऐकूच येणार नाही. व्हॉल्यूमचे बटण डावीकडे असताना आवाज मोठा होत असेल तर पोटेन्शिओमीटरच्या दोन कडांच्या तारा अदलाबदल झाल्या आहेत. बटण फिरवून काही फरकच पडत नसेल तर त्याचे ग्राउंड राहिले आहे.

घुरघुरीचेही दोन सूर असतात. खर्जातली ५० हर्ट्झची असेल तर फिलॅमेंटच्या तारा एकमेकींना पीळ न देता ग्रिडजवळून नेल्या आहेत, किंवा फिलॅमेंटचे वाइंडिंग ग्राउंडला कुठेच बांधलेले नाही. एक सप्तक वरची, १०० हर्ट्झची असेल तर ती पॉवर सप्लायमधून येते, तेव्हा फिल्टर कपॅसिटरची जोडणी पाहा. मोबाइलवरच्या ट्यूनरने सूर लगेच कळतो.

चांगला हेडफोन अजून लावू नका. ॲम्प्लिफायर पाच मिनिटे तापू द्या आणि जॅकवर डीसी मोजा. ते शून्याजवळ हवे. नसेल तर आउटपुट कपॅसिटर आणि त्यापुढचा ग्राउंडला जाणारा रेझिस्टर तपासा. तो रेझिस्टर सुटला की हेडफोन लावताच मोठा धक्का बसतो. सुरुवातीला स्वस्त हेडफोन लावा, आणि तोही कानाला लावण्याआधी टेबलावर ठेवून.