परसातील टोमॅटो : बी कोणते राखावे?

वऱ्हाडाकडे ज्याला भेदरे म्हणतात, तो टोमॅटो आदिलाबादेकडील परसातही चांगला येतो. मात्र काळ्या जमिनीत पाणी साचते, म्हणून रोप वरंब्यावर लावावे. पावसाळा सरताना लावल्यास थंडीत फळ धरते. कडक उन्हाळ्यात फुले गळतात.

आता वाण कोणता घ्यावा? गावरान फळ बहुधा लहान, आंबट व पातळ सालीचे. सारास व चटणीस उत्तम, पण फार दिवस टिकत नाही. दिल्लीच्या कृषि संशोधन संस्थेचा 'पुसा रूबी' लवकर येतो. त्याचे झाड वाढत राहते, म्हणून काठीचा आधार द्यावा. तमिळनाडूतील पेरियाकुलमचा 'पी. के. एम. १' ठेंगणा असतो, त्यास लहान जागा पुरते.

हे तिन्ही सरळ वाण असल्याने त्यांचे बी घरी धरता येते. संकरित फळाचे बी पेरल्यास पुढील झाडे सारखी निघत नाहीत आणि दरसाल बी विकत आणावे लागते.

निरोगी झाडाचे पूर्ण पिकलेले फळ घ्यावे, गर एकदोन दिवस आंबू द्यावा, मग बी धुऊन सावलीत वाळवावे. गावरान बी ज्या घराने राखले नाही, त्या घरापुरता तो वाण संपला. यास्तव एक झाड बियांसाठी सोडावे आणि चिमूटभर बी शेजारीही द्यावे. आपले बुडाले, तर तेथून परत मागता येते.