शून्य टक्के म्हणजे कोरडे धरण नव्हे

2018च्या उन्हाळ्यात यवतमाळला पाणी देणारे निळोणा आणि चापडोह प्रकल्प तळाला गेले. अशा वेळी ‘साठा शून्य टक्के’ अशी बातमी येते, पण धरणात पाणी तर दिसते. मग आकडा खोटा वाटतो. तो खोटा नसतो. टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची (दारांतून आपोआप बाहेर येणाऱ्या पाण्याची) असते. माठात तोटीच्या खाली उरते, तसे पाणी म्हणजे मृतसाठा. नाव भयंकर असले, तरी पाणी मेलेले नसते. गाळ जास्त असतो, पण पंपाने उपसून, शुद्ध करून ते पिता येते. जायकवाडी धरणात असे पाणी सुमारे 738 दशलक्ष घनमीटर आहे.

तळ दिसला म्हणजे पाणी संपले असे नसते, हे नदीतही दिसते. युरोपात एल्ब नदीतल्या ‘भूकशिळां’वर नीचांकी पातळीची साले कोरली जात, चेक प्रजासत्ताकातल्या देचीनच्या शिळेवर 1616 आहे. शिळा उघडी पडली, तरी नदी आटलेली नसे.

टक्केवारी वाचताना मृतसाठ्याचा आकडाही पाहावा.