जुन्या शेगडीचा न तापणारा ओव्हन

नानखटाईचें ताट गल्लींतल्या बेकरीच्या भट्टीवर भाजण्यास पाठविण्याची चाल गिरगांवांत पुष्कळ वर्षें होती. ज्या थोड्या घरांत खालीं ओव्हन असलेली विलायती शेगडी आली, तेथें ती मोठ्या अपूर्वाईची वस्तु ठरली. फणसवाडींतील एका बिऱ्हाडांत अशी शेगडी आम्हीं नुकतीच पाहिली. वरचे बर्नर झकास पेटत. खालीं मात्र तासभर गॅस जाळूनही नानखटाई पांढरीच. “शेगडी म्हातारी झाली, भंगारांत द्या,” असें घरांतील वडील मंडळींचें मत पडलें. आमचें मत निराळें आहे. ओतीव लोखंड सहसा म्हातारें होत नाहीं. बदलतो तो गॅस.

मुंबईंत गॅस तीन अवतारांत आला. १८६५ सालीं रस्त्यांवरील दिवे पेटले ते दगडी कोळशापासून काढलेल्या वायूवर. लालबागच्या गॅस कंपनी गल्लीच्या नांवांत त्याची आठवण राहिली आहे. १९५५ मध्यें बर्मा-शेलचीं सिलिंडरें आलीं. पुढें १९९५ सालीं स्थापन झालेल्या महानगर गॅसनें नैसर्गिक वायु नळानें घरोघर नेला. कोळशाच्या वायूपेक्षां नैसर्गिक वायूंत सुमारें दुप्पट, व सिलिंडरच्या वायूंत सुमारें पांचपट उष्णता असते. म्हणून ज्यांतून गॅस सुटतो त्या पितळी जेटचें छिद्र प्रत्येकास निराळें लागतें. सिलिंडरला सर्वांत बारीक.

मेख आहे ती येथेंच. सिलिंडर जाऊन नळ आला कीं कारागीर वरचे जेट बदलतो. ओव्हनचा जेट तळाच्या पत्र्याखालीं दडलेला असल्यानें तसाच राहून जातो. मग ज्योत निळी व शांत, पण करंगळीएवढी! फणसवाडींत हेंच झालें होतें. जेट बदलतांच नानखटाईवर तांबूस रंग चढला.

ज्योत पिवळी व काजळी धरणारी असेल, तर हवेचें छिद्र तेलकटानें बुजलें आहे किंवा जेट फार मोठा आहे असें समजावें. ज्योत आरंभीं भरपूर असून ओव्हन तापण्यापूर्वींच बसत असेल, तर दोष उष्णतानियामकाचा. १९२३ सालीं इंग्लंडांत निघालेल्या ‘रेग्युलो’ नियामकांत पितळेची नळी व तींत इन्व्हार नामक निकेल-पोलादाची दांडी असते. पितळ तापून लांबतें, इन्व्हार जवळजवळ लांबत नाहीं. त्या फरकानें झडप मिटत जाते. (निकेल-पोलादावरील संशोधनाबद्दल गियोम यांस १९२० चें नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या केकच्या पाठीशीं एवढी विद्या उभी आहे!) झडप वंगणानें चिकटली तर ज्योत मिणमिणतीच राहते.

जेटच्या छिद्रांत सुई मात्र कोणीं घालूं नये. छिद्र केसभर वाढलें तरी ज्योतीचें मान बिघडतें. हें काम गॅसच्या माहितगार कारागिराचेंच. शिवाय ज्योत विझल्यास गॅस आपोआप बंद होण्याची सोय बहुतेक जुन्या ओव्हनांत नसते. सिलिंडरचा वायु हवेहून जड. तो विझलेल्या ओव्हनच्या तळाशीं व जमिनीवर सांचतो, आणि चाळीच्या लांकडी तक्तपोशीच्या फटींतून खालच्या बिऱ्हाडांतही उतरूं शकतो. यासाठीं ओव्हनचें दार आधीं उघडावें, काडी पेटवून बर्नरशीं धरावी, व मगच तोटी फिरवावी. ज्योत सर्व छिद्रांवर धरली आहे हें डोळ्यांनीं पाहिल्याखेरीज दार लावूं नये.