आपत्तीनंतरची परतवाट संथ का असते?

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि सुरत शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. आज त्याच शहराच्या दक्षिणेस, भेस्तानमधील एखाद्या कापड कारखान्याचे हिशेब ‘व्हर्च्युअल मशीन’वर, म्हणजे आभासी संगणकावर, चालत असतील आणि तसा पूर पुन्हा आला, तर काय होईल?

दूरच्या शहरात त्या संगणकांची प्रतिकृती तयार असेल, तर काम तेथून लवकर सुरू होते. खरी कसोटी लागते ती पाणी ओसरल्यावर, काम मूळ जागी परत आणताना.

एरवी प्रतिकृतीकडे केवळ बदललेला भाग जातो. मूळ डिस्क नष्ट झाल्यास मात्र सगळीच माहिती परत आणावी लागते. १०० मेगाबिटची जोडणी पूर्ण क्षमतेने वापरली, तरी एक टेराबाइटला सुमारे २२ तास आणि दहा टेराबाइटला नऊ दिवसांहून अधिक काळ लागतो. अंतराचाही अडसर असतो. पोच येईपर्यंत एका वेळी ६४ किलोबाइटच पाठवता येत असतील आणि पोच यायला ४० मिलिसेकंद लागत असतील, तर त्या प्रवाहाचा वेग १३ मेगाबिटपुढे जात नाही. मोठी जोडणी घेऊनही उपयोग होत नाही.

जुन्या डिस्क वाचल्या असतील, तर दोन्हीकडचा प्रत्येक तुकडा वाचून ताडून पाहावा लागतो. तेव्हा काम थांबल्यासारखे दिसते. घाईने ते रद्द केल्यास पडताळणी अनेकदा पहिल्यापासून करावी लागते. शिवाय या काळात नव्या नोंदी होतच असतात. त्यांचा वेग जोडणीहून अधिक असेल, तर दोन्ही प्रती कधीच जुळत नाहीत.

म्हणून वाचलेल्या जुन्या डिस्क पुसू नयेत. माहिती प्रचंड असल्यास पहिली प्रत कूटबद्ध डिस्कवर घालून वाहनाने आणावी आणि नंतरचे बदल तेवढे जोडणीवरून घ्यावेत. अत्यावश्यक यंत्रणा आधी आणाव्यात. पडताळणी पूर्ण होईपर्यंत दूरची प्रत मोडू नये.

मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळात गोव्यातही अनेक भागांतील वीज खंडित झाली होती. येथील पतसंस्था व रुग्णालयांनी वार्षिक सरावात स्थलांतराबरोबर परतीचा वेळही मोजावा. तो आकडा ठाऊक नसेल, तर आपत्तीची योजना अर्धीच आहे.