नगर अर्बन: परवाना गेल्यानंतरचा हिशेब

४ ऑक्टोबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा बँक ११३ वर्षांची होती. १९१० साली नगर शहरात सुरू झालेल्या या बँकेत तालुक्याच्या बाजारपेठांतल्या व्यापाऱ्यांनी आणि निवृत्त नोकरदारांनी विश्वासाने ठेवी ठेवल्या होत्या. ‘बँक बुडाली’ अशी बातमी त्या दिवशी गावोगाव पोचली खरी, पण बुडण्याची क्रिया कितीतरी आधी सुरू झाली होती.

तारखा ओळीने लावल्या तर

ऑगस्ट २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बाजूला करून प्रशासक नेमला. दोन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती कारभार राहिला. २०२१ च्या अखेरीस निवडणूक होऊन नवं मंडळ आलं आणि लगेच, ६ डिसेंबर २०२१ ला, बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खाली निर्बंध लागले. नवी कर्जं बंद, नव्या ठेवी बंद आणि खात्यात कितीही रक्कम असली तरी काढता येणार फक्त १०,००० रुपये. मुलीचं लग्न, दवाखाना, बी-बियाणं यांसाठी ठेवलेला पैसा कागदावर होता, हातात येत नव्हता. परवाना रद्द व्हायला यानंतर आणखी बावीस महिने जायचे होते. पुरेसं भांडवल नाही आणि कमाईची शक्यताही नाही, असं कारण रिझर्व्ह बँकेने दिलं.

पैसा गळतो कसा

फेब्रुवारी २०२२ मध्ये २८ कर्जप्रकरणांवरून नगरच्या कोतवाली पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. पुढे फॉरेन्सिक ऑडिटमध्ये सुमारे २९१ कोटी रुपयांच्या गैरव्यवहाराचा आकडा आला. दोषी कोण हे ठरवणं न्यायालयाचं काम आहे. पद्धत मात्र समजून घेण्यासारखी आहे, कारण ती एका बँकेपुरती नाही.

शेवगाव शाखेत तारण ठेवलेलं सोनं बनावट निघाल्याचं प्रकरणही पोलिसांपर्यंत गेलं. सोनेतारण हे सगळ्यात सुरक्षित कर्ज मानलं जातं. पण दागिना तपासतो तो बँकेने नेमलेला सोनार. त्याने ‘खरं’ म्हटलं की पिशवीला सील लागतं आणि ती तिजोरीत जाते. कर्ज थकून लिलावाची वेळ येईपर्यंत ती पिशवी उघडायचं कुणाला कारण पडत नाही. म्हणजे चोरी आज होते आणि कळते दोन-चार वर्षांनी.

मोठ्या कर्जांत याहून जुनी युक्ती असते: नवं-जुनं करणं. थकलेलं खातं नव्या कर्जाने भरून घ्यायचं, की वहीत वसुली दिसते आणि थकबाकी लपते. गहाण जागेची किंमत फुगवली की नवं कर्जही नियमात बसतं. याच्या मुळाशी मला एक विसंगती दिसते. सहकारी बँकेत मत असतं भागधारक सभासदाला. कर्ज घेणारा शेअर्स घेऊन सभासद होतो, पण नुसता ठेवीदार मतदार नसतो. म्हणजे ज्यांचा पैसा धोक्यात, त्यांचं मंडळ निवडण्यात काहीच चालत नाही.

पाच लाखांचा विमा

बँक ठेवींचा विमा उतरवते ते ठेव विमा महामंडळ, म्हणजे डीआयसीजीसी. १९६२ साली विम्याची मर्यादा १,५०० रुपये होती. १९९३ मध्ये ती १ लाख झाली आणि पुढची सत्तावीस वर्षं तिथेच अडली. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेच्या घोटाळ्यानंतर, ४ फेब्रुवारी २०२० पासून, ती ५ लाखांवर आली. विम्याचा हप्ता बँक भरते, ठेवीदाराकडून काही घेता येत नाही.

पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात. एकाच बँकेच्या वेगवेगळ्या शाखांत एकाच नावाने ठेवी असतील तर त्या एकत्र मोजल्या जातात. ‘प्रत्येक पावतीला पाच लाख’ हा समज चुकीचा आहे. त्याच बँकेचं कर्ज अंगावर असेल तर तेही वजा होतं.

पूर्वी विम्याचा पैसा परवाना गेल्यानंतरच मिळायचा. २०२१ च्या दुरुस्तीने असे निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत रक्कम देण्याची तरतूद झाली. नगर अर्बनवर निर्बंध आले ते ही दुरुस्ती लागू झाल्यानंतर तीन महिन्यांनी. छोट्या ठेवीदारांच्या दृष्टीने एवढं एक नशीब.

पंचाण्णव टक्क्यांबाहेरचे

परवाना रद्द करताना रिझर्व्ह बँकेने सांगितलं की सुमारे ९५ टक्के ठेवीदारांना पूर्ण रक्कम विम्यातून मिळू शकते. आकडा खरा आहे, पण तो डोकी मोजतो, रुपये नाही. उरलेले पाच टक्के म्हणजे सगळे धनदांडगे, असंही नाही. नोकरीतून निवृत्त झाल्यावर भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी एकाच पावतीत ठेवणारा शिक्षक त्यातच येतो. शिल्लक पैसा अर्बन बँकेत ठेवणारी पतसंस्थाही त्यातच येते. शेकडो सभासदांच्या वतीने ती उभी असली तरी विम्याच्या लेखी ती एकच ठेवीदार, तिलाही पाचच लाख. शहरातली बँक बुडाली की गावातली पतसंस्था का डगमगते, ते इथे कळतं.

अवसायकाची रांग

परवाना रद्द झाल्यानंतर बँक अवसायकाच्या ताब्यात जाते. कर्जं वसूल करणं, गहाण मालमत्ता विकणं, आलेला पैसा वाटणं हे त्याचं काम. आधी खर्च, मग विमा महामंडळाने दिलेल्या रकमेची परतफेड, त्यानंतर पाच लाखांवरच्या ठेवी. भागधारकाच्या वाट्याला बहुधा काही येत नाही.

बँक बुडाली म्हणजे कर्ज माफ झालं, अशी एक अफवा अशा वेळी हमखास फिरते. कर्ज जसंच्या तसं राहतं, व्याजही चढतं आणि सातबाऱ्यावरचा बोजा बेबाकी दाखल्याशिवाय उतरत नाही. जप्तीसाठी सरफेसी कायदा सहकारी बँकांनाही वापरता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये स्पष्ट केलं, तेही कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या बँकेच्या खटल्यात. तरीही फुगवलेल्या किमतीच्या जागेला लिलावात गिऱ्हाईक मिळणं, ही गोष्ट कायद्याच्या हातातली नाही.

पतसंस्थेत ठेव असेल तर

१८७५ मध्ये सावकारांच्या वह्या जाळणाऱ्या दंग्यांत नगर जिल्ह्यातले पारनेर, श्रीगोंदा हे तालुके होते. त्याच जिल्ह्यात लोणीला १९२३ मध्ये विठ्ठलराव विखे पाटलांनी पतपेढी काढली आणि १९५० मध्ये प्रवरेचा साखर कारखाना उभा राहिला. सहकारावरचा इथला विश्वास असा पिढ्यांचा आहे, आणि ‘संस्था आपलीच’ म्हणून एक-दीड टक्का जादा व्याजावर ठेव ठेवण्याची सवयही.

पण पतसंस्था आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटी या बँका नाहीत. डीआयसीजीसीचं संरक्षण त्यांना लागू नाही. संस्था बुडाली तर ठेवीदाराला पोलीस तक्रार करावी लागते. ठेवीदारांच्या हितसंबंध संरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा लावून मालमत्ता जप्त होतात. पुढे लिलाव, न्यायालय आणि वर्षांमागून वर्षं. नगरच्याच संपदा पतसंस्थेच्या प्रकरणात २०२४ मध्ये जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षा झाल्या. शिक्षा झाली म्हणून ठेव आपोआप परत येत नाही.

ठेव ठेवण्याआधी ती जागा बँक आहे की पतसंस्था, हे पावतीवरचं पूर्ण नाव वाचून पाहता येतं. विमाधारक बँकांची यादी डीआयसीजीसीच्या संकेतस्थळावर आहे. नगर अर्बनच्या ज्या ठेवीदारांनी विम्यासाठी अजून अर्जच केला नसेल, किंवा खातेदार वारले असतील, त्यांनी केवायसीची कागदपत्रं, मूळ पावत्या, दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील आणि वारसाचा पुरावा घेऊन अवसायकाच्या कार्यालयात चौकशी करावी. पावतीवर आणि आधारवर नावात काना-मात्रेचा फरक असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्यावा, कारण दावे अडकतात ते बहुतेक तिथेच.