बापाच्या कॅमेऱ्यासमोर

दादासाहेब फाळके म्हटलं की हल्ली आधी पुरस्कार आठवतो. मला मात्र आधी आठवतो तो मुलाबाळांचा बाप, ज्याने सगळं घरच सिनेमाला जुंपलं.

१९११ साली मोठा मुलगा भालचंद्र याच्यासोबत फाळक्यांनी गिरगावच्या तंबूतला सिनेमा पाहिला. घरी येऊन सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्यांनाच घेऊन गेले. ईस्टरचे दिवस होते, पडद्यावर ख्रिस्ताचं चरित्र लागलं होतं. आपले राम-कृष्ण असे कधी हलताना दिसतील, या विचाराने त्यांना मग झोप लागेना. सिनेमे पाहून पाहून डोळे अधू झाले, काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी नजर परत आली. विम्याची पॉलिसी गहाण पडली. १९१२ साली ते लंडनला जाऊन कॅमेरा आणि तंत्र घेऊन आले. धंद्यात पैसा घालायला कुणी धजावेना, तेव्हा कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि पडद्यावर मिनिटाभरात वेल वाढवून दाखवला.

पुढचं सगळं घरात घडलं. पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायला शिकल्या, रसायनं कालवायला शिकल्या, आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. पदरी मुलं असताना दागिने काढून देणाऱ्या या बाईला आपण ‘साथ दिली’ एवढ्या दोन शब्दांत उरकतो, हे मला बरं वाटत नाही. त्या सिनेमाच्या भागीदार होत्या.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये लागला. हरिश्चंद्राचा मुलगा रोहिदास झाला होता भालचंद्र. चित्रीकरणाच्या वेळी तो दगडावर आपटून बेशुद्ध पडला, आणि पुढचा प्रसंग मेलेल्या रोहिदासाचाच असल्यामुळे वडिलांनी तशाच अवस्थेत त्याचं चित्रण केलं, असं सांगतात. ही हकीकत कौतुकाने सांगितली जाते. मला ती ऐकवत नाही. बापाने त्या क्षणी काय गिळलं असेल ते तोच जाणे.

म्हणूनच ‘कालियामर्दन’ पाहताना जीव सुखावतो. १९१९चा हा चित्रपट, नाशिकच्या हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनीचा. त्यातला कृष्ण म्हणजे फाळक्यांची लेक मंदाकिनी, वय सातच्या आसपास. गोष्ट सुरू होण्याआधी कॅमेरा नुसता तिच्या चेहऱ्यावर थांबतो. ती हसते, रुसते, चिडते, घाबरते. आणि बघता बघता त्या साध्या पोरीच्या जागी मुकुट घातलेला कृष्ण उमटतो. ही किमया करून दाखवायची हौस तर होतीच, पण आधी ‘ही माझी मुलगी, पाहून घ्या’ असं सांगितल्याशिवाय त्यांना तिला देव करायचं नव्हतं, असं मला वाटतं. मग खोड्या सुरू होतात. लोणी चोरणं आलंच. रात्री एका घरात शिरून झोपलेल्या नवऱ्याची दाढी बायकोच्या केसांना बांधून ठेवणंही आलं. शेवटी डोहात उडी, पाण्याखाली कालियाशी झटापट आणि फण्यावर नाच. पोर कुठेही बिचकत नाही. कॅमेऱ्यापलीकडे वडील उभे आहेत, हे ठाऊक असलेल्या मुलाचंच हे धिटाईचं वागणं.

पुढे कंपनीत खटके उडाले, फाळके काशीला गेले, ‘रंगभूमी’ नाटक लिहिलं, परत आले. बोलपट आले आणि काळ त्यांना मागे टाकून गेला. १९३७चा ‘गंगावतरण’ शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकात त्यांनी देह ठेवला.

‘हरिश्चंद्रा’ची आज मोजकी रिळं उरली आहेत. ‘कालियामर्दना’चा मात्र बराच मोठा भाग पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाने जपला, आणि मंदाकिनीचा तो चेहराही त्यात आहे. आपल्या मुलांना तो एकदा दाखवाच. दाढी बांधण्याच्या प्रसंगाला आजही पोरं खळखळून हसतील.